लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल: आधी कागद, मग इंजिन

इंजिनाकडे आपण नंतर येऊ. आधी नंबरप्लेट बघा. हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या पार्किंगमध्ये एमएच १४ च्या शेजारी केए, यूपी अशा कितीतरी गाड्या उभ्या असतात. नोकरीला आलेली मुलं गाडी सोबत आणतात, परदेशी निघाली की घाईनं विकतात. किंमत बरी वाटते. पण तिथंच आम्ही थांबायला सांगतो.

परराज्यातली गाडी तुमच्या नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं. हा खर्च किमतीत धरूनच भाव करा. विकणारा सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म हातात ठेवतो, 'नंतर करून घ्या' म्हणतो. तो एकदा विमानात बसला की राहिलेल्या सहीसाठी कुणाला गाठणार? आणि लेहच्या वाटेवर गाडी आपटली, विमा अजून त्याच्याच नावावर असला, तर दुरुस्तीचा क्लेम अडतो.

आता गाडी. 'आम्ही येईपर्यंत सुरू करू नका' हे फोनवरच सांगायचं. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघायचं. गरम असेल तर थंड स्टार्टची अडचण लपवलेली असू शकते. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट गेलाय. सामान लादल्यावर तो फार छळतो. चेनसेट, टायर बदलता येतात, त्याचं एवढं नाही.