गावाच्या दप्तरातील संशोधन

कॉलेजातील विद्वानांच्या संशोधनाचा आपल्या वखरा-तिफणीशी काय संबंध, असे आमच्या धामणगाव बढे येथील पुष्कळ शेतकरी बंधू विचारितात. संबंध निकटचा आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एकाच गावाची पाहणी करून ती १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. (त्या शिवारात आता शहराच्या इमारती आहेत.) जुने कागद व प्रत्यक्ष वहिवाट ताडून पाहता असे दिसले की, सरासरी धारण १७७१ साली ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर नीट निभाव लागणारी ८. बाहेरील कमाईच्या जोडीने सावरणारी २८. उरलेली ६७ तुटीत! पाऊस व सावकार यांस दोष देताना वाटणीकडे आपले लक्ष जात नाही, ते या आकड्यांनी जाते. तुकडेबंदीचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, म्हणजे पुस्तकानंतर तीस वर्षांनी.

महसुली दप्तरात नोकरी घालविलेल्या आम्हांस विशेष वाटते ते हे की, अशी सामग्री गावोगावच्या दप्तरात आहे. वाचकांनी आजोबांच्या खात्यापासूनचे फेरफार काढवून दर पिढीचे क्षेत्र एका कागदावर मांडावे. पुढील वाटणीस बसताना तो कागद भावांच्या मध्ये ठेवावा, आणि एकाने शेत राखून दुसऱ्यास मोबदला देता येईल काय, याचा विचार मोजणी मागविण्यापूर्वीच करावा.