३.७३ की ४.१०? मागच्या आसाचे गणित

मागच्या चाकांवर चालणारी आणि हाताने गिअर बदलायची अमेरिकी मोटार ज्याच्या दारात उभी असते, त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. मागच्या आसातील दातेरी चक्रांची जोडी बदलावी का, आणि बदलायचीच तर कोणत्या गुणोत्तराची घ्यावी? इंजिनाला हात न लावता गाडीचा स्वभाव पालटण्याचा हा हुकमी उपाय मानला जातो आणि तो तसा आहेही. मात्र निवड चुकली तर चक्रांची किंमत वाया जातेच, शिवाय संपूर्ण आस पुन्हा उघडण्याची मजुरीही दुसऱ्यांदा मोजावी लागते.

हा आकडा सांगतो तरी काय? गिअरबॉक्समधून निघालेला दांडा मागे येऊन एका लहान पिनियनला फिरवितो आणि ते पिनियन एका मोठ्या चक्राला. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये या जोडीला ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप यांच्या जमान्यात हा शब्द मोटारमालकांच्याही परिचयाचा होता. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची सद्दी सुरू झाली आणि बहुतेक मोटारींत ही जोडी गिअरबॉक्सच्या पोटात दिसेनाशी झाली. मोठ्या चक्राला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील, तर गुणोत्तर ३.७३ होते, चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याला ३.७३ फेरे घ्यावे लागतात. ४१ आणि १० दातांचे गुणोत्तर ४.१०, तर ४१ आणि १५ दातांचे २.७३. हे अपूर्णांक योगायोगाचे नाहीत. दातांच्या संख्या एकमेकींना भाग जाणाऱ्या नसल्या, की प्रत्येक दात आलटून पालटून समोरच्या सर्व दातांशी भिडतो आणि झीज सारखी होते.

आकडा मोठा झाला की चाकांवर पोहोचणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात. एवढ्या एका वाक्यात सारा सौदा आला. परंतु तो कोणाला लाभाचा आणि कोणाला तोट्याचा, हे गिअरबॉक्स पाहिल्यावाचून कळत नाही आणि नेमकी तिथेच अनेकांची फसगत होते.

१९८७ ते १९९३ या काळातील फोर्ड मस्टँगचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. या गाडीतील व्ही-८ इंजिन ‘पाच लिटर’ म्हणून विकले गेले; प्रत्यक्षात ते ४.९ लिटरचे होते, हा भाग वेगळा. त्याला जोडलेल्या टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५, दुसरा १.९३, चौथा १.०० आणि पाचवा ०.६८ असा होता. कारखान्यातून मागचा आस बहुधा २.७३ किंवा ३.०८ चा येई. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली आणि १९७५ च्या कायद्याने कारखानदारांवर इंधनबचतीचे बंधन आणले. आकडे लहान होण्यामागे हे कारण होते.

या गाडीच्या २२५/६०-१५ टायरचा व्यास सुमारे ६५ सेंटिमीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८१५ फेरे घेते. पाचव्या गिअरमध्ये २.७३ च्या आसाने इंजिन तेव्हा जेमतेम १५०० फेऱ्यांवर असते. ५५ मैलांच्या जुन्या मर्यादेला तर साडेतेराशेच्याही खाली. किंचित चढ लागला की इंजिन घरघरते आणि चौथा टाकावा लागतो. पाचवा गिअर असून नसल्यासारखा. ३.७३ बसविले की हाच आकडा सुमारे २०७० होतो आणि ४.१० ला २२७०. महामार्गावर यापैकी काहीच असह्य नाही. ‘४.१० ने लांबचा प्रवास अशक्य होतो’ ही समजूत ओव्हरड्राइव्ह नसलेल्या काळातली आहे. १:१ च्या चौथ्या गिअरवर ४.१० ने त्याच वेगाला इंजिन ३३४० फेऱ्यांवर किंचाळत असे.

खरा त्रास खालच्या गिअरमध्ये होतो. पहिल्या गिअरचे आणि आसाचे गुणोत्तर गुणले की सुरुवातीचा जोर कळतो: २.७३ ला ९.१, ३.७३ ला १२.५ आणि ४.१० ला १३.७. इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत ताणले तर पहिला गिअर अनुक्रमे ७४, ५४ आणि ४९ किलोमीटरवर संपतो. शहराच्या वाहतुकीत ४.१० चा पहिला गिअर टाकला न टाकला तोच दुसरा मागतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके जागीच फिरू लागतात. आणखी एक गंमत अशी की, ३.५५ च्या आसाने दुसऱ्या गिअरमध्येच ताशी ६० मैल गाठता येतात, ३.७३ ला मात्र ते थोडक्यात हुकतात आणि तिसरा गिअर टाकण्यात वेळ जातो. कागदावर जोरदार दिसणारी जोडी घड्याळावर मागे पडू शकते, ती अशी.

म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलणे धोक्याचे. १९६० च्या दशकातील शेव्हर्लेच्या मन्सी एम-२१ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.२० होता. त्याला ४.१० चा ‘उग्र’ आस जोडला तरी गुणाकार ९.०२ च येतो, म्हणजे मस्टँगच्या मवाळ २.७३ पेक्षाही कमी! उलट २०११ च्या मस्टँगचा पहिला गिअर ३.६६ होता. तिथे ३.७३ नेच १३.७ गाठले जाते आणि ४.१० ने १५.

टी-५ असलेल्या आणि रोज वापरायच्या गाडीला ३.५५ किंवा ३.७३ शोभते; महामार्गाची रपेट अधिक असेल तर ३.५५. २.७३ वरून ३.०८ वर जाण्यात जेमतेम तेरा टक्के पदरात पडतात, एवढ्यासाठी आस उघडण्यात अर्थ नाही. सुपरचार्जर बसविलेल्या गाडीला तर लहान आकडाच बरा, कारण तिथे जोराची नव्हे, पकडीची वानवा असते. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर ३.७३ चा आस ३.५५ सारखा वागतो, हेही हिशेबात धरावे. मात्र २७५/४०-१७ सारखे रुंद टायर दिसायला मोठे असले तरी त्यांचा व्यास जवळपास तेवढाच असतो.

बसविण्याचे काम घरगुती नाही. पिनियनची खोली पातळ चकत्यांनी जुळवावी लागते, दातांमधील मोकळीक मिलिमीटरच्या अंशांत मोजावी लागते आणि रंग लावून दातांवरचा ठसा तपासावा लागतो. यात हयगय झाली की आस गुणगुणू लागतो आणि तो आवाज पुढे थांबत नाही. नव्या जोडीला पहिले काही दिवस थोडे चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचे, ओझे ओढायचे नाही आणि पहिल्या ५०० मैलांनंतर तेल बदलायचे, असा प्रघात आहे. गिअरबॉक्समधील स्पीडोमीटरचे प्लॅस्टिकचे चक्रही त्याच वेळी बदलून घ्यावे, अन्यथा ३.०८ वरून ३.७३ वर गेलेल्या गाडीचा काटा १०० दाखवील तेव्हा ती प्रत्यक्षात ८३ नेच धावत असेल.