बर्फाखालची कोरणी
आइसलंडच्या आग्नेय भागातली वात्नायोकुल ही हिमटोपी काही ठिकाणी 900 मीटरहून जाड आहे. या भारामुळे आणि भूगर्भातल्या उष्णतेमुळे तळाचा बर्फ वितळतो, त्या पाण्यावरून हिमनदी घसरते. पण खडक झिजवतात ते बर्फात अडकलेले दगडगोटे, कानशीसारखे. भेगांत गोठणारं पाणी तर कातळाचे तुकडेच उपटून काढतं. या हिमटोपीतून उतरणाऱ्या ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीनं असा समुद्रसपाटीखाली जाणारा चर खणला. ती मागे हटत गेली आणि 1930च्या दशकापासून तिथे 200 मीटरहून खोल योकुल्सारलोन सरोवर साठत गेलं.

मला अधिक थक्क करते ती जमिनीची उसळी. बर्फ वितळून भार घटतोय तशी दबलेली जमीन वर येतेय, होफ्न बंदराजवळ वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटर. खाडीचं तोंड उथळ होईल, ही तिथल्या मच्छीमारांची खरी काळजी आहे.