हवेतील ओल आणि माळावरचा निवडुंग

यवतमाळ जिल्ह्याची गणना कोणी मरुभूमीत करणार नाही. परंतु चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते आणि नाल्यांची पात्रे कोरडी पडतात, तेव्हा येथील माळावरच्या वनस्पतींपुढे उभा राहणारा प्रश्न मरुभूमीतील वनस्पतींच्या प्रश्नाहून फारसा निराळा नसतो. अशा दिवसांत बांधावर हिरवा उभा असलेला निवडुंग पाहून, हा हवेतूनच पाणी पीत असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. त्या समजात सत्याचा अंश किती, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

हवा सर्वस्वी कोरडी कधीच नसते. ४२ अंश तापलेल्या दुपारी आर्द्रता अवघी १५ टक्के असली, तरी घनमीटरभर हवेत सुमारे ८ ग्रॅम बाष्प असतेच. पण त्याचे दव व्हावयाचे तर पानालगतची हवा सुमारे १० अंशांपर्यंत निवावी लागते, आणि वैशाखातली आपली रात्र इतकी निवत नाही. जेथे समुद्रावरून धुके येते तेथील गोष्ट वेगळी. दक्षिण अमेरिकेतील अटाकामाच्या वाळूवर टिलँडसियाच्या काही जाती नाममात्र मुळांनिशी, पानांवरील सूक्ष्म खवल्यांनी धुके शोषून जगतात. अरबस्तानातील झाऊच्या पानांवर साचणारे क्षार रात्रीच्या दमट हवेतून पाणी ओढून घेतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

आपल्या निवडुंगाचे सामर्थ्य मिळकतीपेक्षा काटकसरीत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. निवडुंग ती रंध्रे दुपारी मिटून ठेवतो व गारव्याच्या वेळी, रात्री उघडतो. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून तो दुसऱ्या दिवशी बंद रंध्रांआड उन्हाच्या साह्याने अन्न सिद्ध करतो. अंगणातल्या पानफुटीतही हाच व्यवहार चालतो. तिचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडू लागते, हे हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हेन यांनी नोंदविले. त्यांचे टिपण लंडनमध्ये १८१५ साली छापले गेले.

हवेतल्या ओलीशी आपल्या शेतकऱ्याचा खरा परिचय होतो तो रब्बीत. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक ग्रंथिल लवेतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले पाझरतात आणि थंडीतल्या दवात मिसळतात. रात्री पिकावर स्वच्छ धुतलेले कापड पसरून, पहाटे ते पिळून आंब काढण्याची व पोटदुखीवर देण्याची रीत जुनी आहे. पीक मुख्यत्वे काळ्या जमिनीने राखलेल्या ओलीवरच पोसते. परंतु पान दवाने भिजलेले असते तोवर सकाळचे ऊन आधी ते दव वाळविण्यात खर्ची पडते, आणि पानातले पाणी तेवढा वेळ शिलकीत राहते.

तात्पर्य, हवेकडून होणारी जमा आपल्या मुलखात अल्पच; तगून राहण्याची खरी मदार खर्चावरच्या बंदोबस्तावर आहे. म्हणून शेतकऱ्याने या वनस्पतींपासून घ्यावयाचे ते हवेतून पाणी ओढण्याचे कसब नव्हे, तर पदरी पडलेले पाणी उडून जाऊ न देण्याची दक्षता. हस्ताचा पाऊस ओसरताच वेळेवर डवरणी करून भेगा बुजविणे आणि धसकटे-पालापाचोळा न जाळता जमिनीवर आच्छादन म्हणून पसरणे, ही दोन कामे तीच दक्षता शेतात उतरवितात, आणि ती कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातली आहेत.