वय वाढतं, धसका राहतो

1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. 2011 मध्ये ती आठ लाखांच्या पुढे गेली. उत्तन-चौकचे कोळी आणि ईस्ट इंडियन, राई-मुर्ध्याचे आगरी एवढे मूळचे सोडले, तर बाकी शहर बिऱ्हाड घेऊन आलेलं. कुणी लालबाग-परळच्या चाळीतली खोली विकून आलं, कुणी 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली जागा सोडून नयानगरात आलं, कुणी कोकणातून, कुणी राजस्थान-उत्तर प्रदेशातून. त्या बिऱ्हाडांबरोबर आलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होण्याचं हेच वय.

लालबाग-परळहून आलेल्यांचंच पाहा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तेव्हा आठ-दहा वर्षांचं असलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून गेलंय. पगाराच्या दिवशी मिठाई आणणारा बाप घरी बसलेला, मग गप्प झालेला, मग गुत्त्यावर जाऊ लागलेला त्या मुलाने पाहिला. आई खानावळीच्या पोळ्या लाटायला लागली, घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने संपानंतरचं गिरणगावातलं घर रंगमंचावर आणलं. संपाची किंमत आपण गेलेल्या नोकऱ्यांत मोजली, विकलेल्या जमिनींत मोजली. त्या दहा वर्षांच्या पोराच्या अंगात काय उरलं, ते मोजायचं राहून गेलं.

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये जे सात स्फोट झाले, त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरच्या टप्प्यात झाला. त्या दिवशी ज्या मुलांचे वडील घरी परतले नाहीत, ती आता कमावती झाली आहेत.

ही झाली चारचौघांत घडलेली, वर्तमानपत्रात आलेली दुःखं. त्याहून कितीतरी जास्त बंद दाराआड घडतं आणि त्याची बातमी होत नाही.

भाईंदर पूर्वेच्या एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे संध्याकाळी सातनंतर बसलं की पस्तिशी-चाळिशीच्या बायकांच्या ठरावीक तक्रारी कानावर येतात. अंग दुखतं, पाय वळतात, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, साखर जरा काठावर. डॉक्टर म्हणतात, “ताई, टेन्शन घेऊ नका.” समजा, यांतल्या एकीला रोज रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. लहानपणी तिचे वडील पिऊन त्याच सुमाराला घरी यायचे. जिन्यात चपला वाजल्या की ती धाकट्या भावाला उचलून मोरीत नेऊन बसायची आणि तो रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात धरायची. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. घर बदललं, गाव बदललं, आता तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. तरी दोनला जाग येते. हे तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलेलं नाही.

विचारायला हवं, हे वैद्यकशास्त्राला कळलं तेही आडवाटेने. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी 1985 च्या सुमारास अतिस्थूल माणसांसाठी वजन घटवण्याचा उपक्रम चालवत होते. वजन भराभर उतरत होतं, पण ज्यांचं उत्तम उतरत होतं तीच माणसं मध्येच उपक्रम सोडून जात. एका बाईंचं वजन वर्षभरात सव्वाशे किलोच्या आसपास घटलं आणि मग काही आठवड्यांत झपाट्याने परत वाढू लागलं. चौकशी केल्यावर उलगडा झाला. कामाच्या ठिकाणी एका पुरुषाने तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला होता आणि लहानपणी घरातल्याच माणसाने केलेले अत्याचार वर आले होते. जाड शरीर हा तिचा आडोसा होता. फेलिट्टींनी मग 286 जणांना बालपणाबद्दल विचारलं. अर्ध्याहून अधिकांनी लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला.

त्यातून पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर मोठा अभ्यास उभा राहिला. 1995 ते 1997 या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना प्रश्न विचारले गेले: अठराव्या वर्षाच्या आत मार, अपमान, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारहाण, घरात व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास, आईवडिलांचं वेगळं होणं, यांतलं काय काय वाट्याला आलं? पहिला निबंध 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चार किंवा अधिक गोष्टी सोसलेल्यांमध्ये मद्यपाशात अडकणं, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होतं. याचा अंदाज एखाद्याने बांधला असता. धक्का बसला तो पुढच्या आकड्यांनी. हृदयविकाराचं प्रमाण दुपटीहून जास्त, पक्षाघाताचंही तसंच, फुप्फुसांच्या जुनाट विकारांचं जवळजवळ चौपट. आणि ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरी, शिकलेली, आरोग्य विमा असलेली मध्यमवर्गीय होती.

मनावरचा घाव हृदयाच्या धमनीपर्यंत पोचतो कसा? भीती वाटली की मेंदू हुकूम सोडतो, अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी वाढते, साखर स्नायूंकडे धावते, पचन मागे पडतं. कुत्रं अंगावर आलं तर पळायला हे उपयोगी असतं आणि कुत्रं गेलं की सगळं पूर्ववत होतं. पण धोका घरातच राहत असेल, आणि तो आज येईल की उद्या याचा नेम नसेल, तर मुलाचं शरीर तयारीतून बाहेर पडतच नाही. सोसायटीच्या पाण्याचा पंप चालू राहून गेला की आधी टाकी वाहते आणि मग मोटर जळते, तसंच हे. मेंदू घडत असतानाच हे चालू असल्याने धोका हुंगणारा भाग तल्लख होतो. आठवणी लावून ठेवणारा आणि स्वतःला आवरणारा भाग मात्र ताणाखाली कमी पडतो. म्हणून असा माणूस मोठेपणी साहेबांचा चढा आवाज ऐकून थरथरतो किंवा क्षुल्लक गोष्टीवरून भडकतो, आणि असं का होतंय हे त्यालाही सांगता येत नाही.

सततच्या ताणाने शरीरात बारीक दाहही धुमसत राहतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा मागोवा आजवर घेतला जातो आहे. त्यांच्यातल्या लहानपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हे प्रथिन म्हणजे सीआरपी. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी त्याचे रिपोर्ट हातात धरले आहेत. हृदयविकार आणि मधुमेह यांची वाट याच दाहातून जाते.

दुसरी वाट सवयींची. तंबाखू, मशेरी, दारू, रात्री उठून खाणं, कामात स्वतःला बुडवून घेणं. बाहेरून ही व्यसनं दिसतात, आतून ती त्या माणसाला सापडलेली वेदनाशामकं असतात. “कॅन्सर होईल” हे त्याला पाठ असतं. तंबाखूने त्याची कुठली कळ थांबते, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक वाट सहसा नजरेत येत नाही. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडून पडणं, वर कुणीतरी वाकलेलं असणं, हेच सहन होत नाही. अशा बायका गर्भाशयमुखाच्या तपासणीला जायचं टाळतात. आजार वेळेवर सापडत नाही, आणि आपण म्हणतो, “किती हा निष्काळजीपणा!”

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणेल. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि तो करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. त्या वेळी बारा वर्षांचं असलेलं मूल आज तिशीत आहे. अंधेरीला नोकरीला जाणारा, घराचा हप्ता फेडणारा, स्वतःच्या लेकराला पहिलीत घालणारा तरुण आहे तो.

“आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?” हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक लग्नघरात ऐकू येतं. ते बोलणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही. अनेकांचं खरंच बिघडलं नसेल, कारण मारणाऱ्या बापाखेरीज घरात कुशीत घेणारी आजी होती, वाड्यात हाक मारली की धावून येणारी काकू होती. पण काहींचं बिघडलं आणि त्यांनी ते सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली त्याला दशकाहून जास्त काळ लोटला. घरातल्या मारासाठी मात्र आपण अजून ‘शिस्त’ हाच शब्द वापरतो. मला तो शब्द मान्य नाही.

मात्र फेलिट्टी-अँडांच्या संशोधनाचा एक गैरवापर होतो आणि तो टाळायला हवा. समाजमाध्यमांवर ‘तुमचा गुणांक काढा’, म्हणजे त्यांच्या यादीतल्या किती गोष्टी सोसल्या ते मोजा, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. दहापैकी सहा आले की माणूस हबकतो, आता आपल्याला हार्ट अॅटॅक येणारच असं धरून चालतो. तो गुणांक हजारो लोकांच्या गटाबद्दल काही सांगतो. एका माणसाचं भविष्य त्यातून फारसं कळत नाही, असा इशारा स्वतः अँडा यांनीच 2020 मध्ये दिला. शिवाय मूळ यादीत दंगल नाही, उपासमार नाही, शाळेतली मारहाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे केलेल्या प्रश्नावलीत सामूहिक हिंसा आणि सवंगड्यांकडून होणारा छळ घेतले. आपल्याकडे जातीवरून झालेला अपमानही मोजावा लागेल. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ वाचलेल्या मराठी वाचकाला ते वेगळं सांगायला नको.

आणि सोसलेलं प्रत्येक मूल कोलमडतंच असंही नाही. हवाईच्या कौआई बेटावर एमी वर्नर यांनी 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार यांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्तबगार, माणुसकी राखणारी, धडधाकट प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. मीरा-भाईंदरसारख्या शहरात अशा माणसाची उणीव मला सगळ्यात जास्त खुपते. आजी गावी राहिली, काकू विरारला, आणि समोरच्या फ्लॅटच्या दारावर कॅमेरा. भिंतीपलीकडून मूल किंचाळल्याचं ऐकू येतं आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

मोठेपणीही उपाय आहेत, ते लागू पडतात. अशा घावांसाठी आखलेले समुपदेशनाचे प्रकार आहेत, लागतील तेव्हा औषधं आहेत. अडचण पोचण्याची आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे. पण भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने संध्याकाळी ठाणं गाठणं काय असतं, ते इथला माणूस जाणतो. आठवड्याला एक फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा.

म्हणून उत्तर शेजारच्या राज्यात शोधावं. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी स्त्रियांच्या अभ्यासात दाखवून दिलं की अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निगडित होती. त्याच गटाने पुढे मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सरकारी केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मीरा-भाईंदर महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात अशी एक शिकलेली, ऐकणारी ताई बसू शकते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खोली, एक दार आणि अर्धा तास पुरतो.

फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती आहे. तीनदा रिपोर्ट नॉर्मल आलेल्या पेशंटला चौथी तपासणी लिहिण्याआधी एकदा विचारा, “लहानपणी घरात वातावरण कसं होतं?” उत्तर नाही मिळालं तरी चालेल. हा प्रश्न इथे विचारला जातो, एवढं कळलं तरी पुढच्या खेपेला दार उघडतं.

आणि हे वाचताना ज्यांच्या पोटात काही हललं असेल त्यांना: केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. शेजारचं मूल धोक्यात आहे असं वाटलं तर 1098. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. दोन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.