आरसा म्हणजे तिजोरी नव्हे

नारायणगावहून खोडदच्या वाटेला लागलं, की शेतांमागून जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या अशा 30 तबकड्यांची मिळून एक रेडिओ दुर्बीण होते, ती म्हणजे जीएमआरटी. आकाशातून आलेले संकेत ऑप्टिकल फायबरमधून खोडदच्या केंद्रात येतात आणि तिथे संगणकात साठतात. अभ्यासक मात्र पुण्यात असतो, नाहीतर परदेशात. म्हणजे इथली माहिती तिथे न्यायची.

मंचरच्या एखाद्या फोटो स्टुडिओचीही गरज तीच असते, फक्त आकार लहान. लग्नसराईचे फोटो दुकानात आणि त्यांची प्रत पुण्यातल्या सर्व्हरवर. रोज रात्री हाताने कॉपी करायचं म्हटलं, तर एखादी रात्र चुकतेच.

इथे आरसिंक हे सॉफ्टवेअर कामी येतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996मध्ये ते ऑस्ट्रेलियात तयार केलं. आधी ते फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहतं. दोन्ही जुळले, तर फाइलला हात लावत नाही. फाइल बदललेली असेल, तर सर्व्हर आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे करून प्रत्येकाची खूण कळवतो. इकडचा संगणक त्या खुणा नव्या फाइलमध्ये एकेक अक्षर सरकत शोधतो. त्यामुळे सुरुवातीला एखादी ओळ घुसली आणि पुढचं सगळं सरकलं, तरी जुने तुकडे ओळखू येतात. पाठवायचं ते फक्त नवं.

आरसिंक चालवायची आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहायची, पासवर्डऐवजी एसएसएचची किल्ली वापरायची आणि रात्री दोनची वेळ क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला, सांगून ठेवायची. पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये, म्हणून स्क्रिप्टला कुलूपही घालायचं.

खरी मेख पुढे आहे. फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली, तर फक्त आतला ऐवज जातो. विसरली, तर तिकडे फोल्डरात फोल्डर तयार होतो. ‘डिलीट’चा पर्याय लावला, तर इथे चुकून पुसलेला अल्बम रात्री दोन वाजता तिथूनही पुसला जातो, तोही आरशासारखा इमानेइतबारे. म्हणून आधी ‘ड्राय रन’, म्हणजे काहीही न बदलता नुसती तालीम, करून काय जाणार, काय पुसलं जाणार, ते वाचावं. शिवाय तारखेनिशी जुन्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात, आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. नवरा-नवरी हसताना दिसले, तरच बॅकअप आहे म्हणायचं.