सुजलेला गुडघा : प्रत्येक वेळी वातच असतो असं नाही!

घरात कुणाचा गुडघा धरला की आपल्याकडे उपाय तयारच असतात. कुणी निर्गुडीचा पाला शेकून बांधायला सांगतं, कुणी एरंडाचं पान, तर कुणी तिळाच्या तेलानं चोळून द्यायला बसतं. "वय झालं, वात आहे," असा निकालही लागलेला असतो. पुष्कळदा तो खराही असतो. झिजेचं दुखणं हळूहळू वाढतं, कमी-जास्त होत राहतं आणि शेकानं त्याला आराम पडतो. पण एक दुखणं असं आहे, की त्यात चोळण्या-शेकण्यात घालवलेले दोन-चार दिवस जन्मभर महाग पडतात. ते म्हणजे सांध्यात जंतू शिरून पू होणं. डॉक्टर त्याला 'सेप्टिक आर्थ्रायटिस' म्हणतात.

हे ओळखायचं कसं?

एक-दोन दिवसांतच एखादा सांधा सुजतो, हाताला गरम लागतो, लाल दिसतो आणि इतका ठणकतो की जरासा हलवला तरी माणूस कळवळतो. मोठ्या माणसांत बहुधा गुडघाच सापडतो. पण खांदा, खुबा, मनगट, घोटा यांतही हे होऊ शकतं. कधी एकापेक्षा जास्त सांधेही धरतात. ताप येतो, मात्र तो येतोच असं नाही. म्हाताऱ्या माणसांत आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो पुष्कळदा नसतोच. तेव्हा "अंग गार आहे, मग काळजी नाही," असं समजू नका.

मधुमेह असलेल्या, आमवाताचा जुना आजार असलेल्या, कृत्रिम सांधा बसवलेल्या किंवा वयानं फार थकलेल्या माणसांना धोका अधिक. आमवातवाल्यांची तर फसगतच होते. सांधे नेहमीच दुखत असतात, म्हणून नवं दुखणंही त्याच खात्यावर टाकलं जातं. इतर सांधे बरे असताना एकच सांधा एकदम भडकला, तर मनात शंका यायलाच हवी. सांध्यात इंजेक्शन घेतल्यावर असं होणं क्वचित. पण त्यानंतर काही दिवसांत ठणका वाढत गेला, तर लगेच परत जाऊन दाखवा.

घाई कशासाठी?

सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्तपुरवठा भरपूर असतो. पायाच्या भेगेतून, गळवातून किंवा दुसऱ्या कुठल्या आजारातून रक्तात आलेले जंतू तिथे सहज उतरतात. यात सगळ्यांत नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आपल्या नाकात आणि कातडीवर वस्तीला असतो तोच. जंतूंशी झगडायला पांढऱ्या पेशी धावून येतात. पण या झटापटीत निघणारी रसायनं हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खाऊन टाकतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गेलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही. काही दिवसांतच सांधा कायमचा आखडू शकतो. शिवाय जंतू रक्तात पसरले, तर जिवावर बेततं.

दवाखान्यात काय करतात?

पहिलं काम सुईनं सांध्यातलं पाणी काढण्याचं. सुईचं नाव काढताच बायका घाबरतात. पण खरं निदान त्याशिवाय होत नाही. एक्स-रेमध्ये सुरुवातीला फारसं दिसत नाही. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. एका घनमिलिमीटरमध्ये ५०,०००च्या वर गेल्या की संशय बळावतो. कमी निघाल्या म्हणून मात्र तो फिटत नाही. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे पाहण्यासाठी तेच पाणी आणि रक्तही 'कल्चर'ला पाठवतात. म्हणूनच घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल आपल्या मनानं देऊ नका. त्यानं जंतू मरत नाहीत, नुसते लपतात, आणि तपासणी फसते. कृत्रिम सांधा असेल, तर ज्या सर्जननं तो बसवला त्यांच्याकडेच जा. तिथले उपचार वेगळे असतात.

पाणी काढलं की लगेच शिरेतून औषध सुरू होतं आणि कल्चरचा निकाल आला की ते बदलतात. पण नुसत्या औषधावर भागत नाही. पू काढावाच लागतो. कधी रोज सुईनं, कधी दुर्बिणीनं सांधा धुऊन, तर कधी उघडून.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्या देशातच बनू लागलं. तेव्हाच्या औषधांना पुष्कळ जंतू आज दाद देत नाहीत, म्हणून कल्चरला एवढं महत्त्व.

औषध किती दिवस?

साधारणपणे चार ते सहा आठवडे. पूर्वी बराच काळ शिरेतूनच देत. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडांच्या व सांध्यांच्या जंतुसंसर्गाचे १०५४ रुग्ण त्यात होते. पहिल्या आठवड्याच्या आत योग्य गोळ्यांवर आणलेले रुग्ण शिरेतून औषध घेणाऱ्यांइतकेच बरे झाले. म्हणजे डॉक्टरांनी लवकर गोळ्यांवर आणलं तर तो हलगर्जीपणा नव्हे. मात्र ठणका थांबला म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत! कॅलेंडरवर रोज खूण करावी, म्हणजे चुकत नाही.

हळूहळू, महिनोन् महिने सुजत जाणारा सांधा क्षयाचाही असू शकतो. त्याची औषधं निराळी आणि पुष्कळ महिने घ्यावी लागतात.

घरी आल्यावर

ठणका ओसरला की सांधा हलवायला लागायचं, पण डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढंच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानं खाली दाबायची, हा मांडीच्या स्नायूंचा सोपा व्यायाम त्यांना विचारून करता येतो. चोळणं नको. साखर ताब्यात ठेवा. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या भेगा, चिखल्या, छोट्या जखमा रोज रात्री पाहाव्यात आणि स्वच्छ ठेवाव्यात. पुन्हा ताप आला, सांधा गरम लागला किंवा अंगावर पुरळ उठलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि एक. सासूबाईंचा गुडघा सुजला तर आपण धावपळ करू. पण स्वतःचा सुजला की "पाहुणे जाऊ देत, मग बघू," म्हणतो. भगिनींनो, या दुखण्यात 'मग' म्हणायला सवड नसते. गरम, सुजलेला, हलवता न येणारा सांधा त्याच दिवशी दाखवा. स्वयंपाक एक दिवस दुसऱ्या कुणी केला तरी चालतो.